कमला काय भाव?

वरुड,
१८ नोव्हेंबर २०२५

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

परवा संध्याकाळी फोनवर "बाबा, ढाका मिळालं" म्हणालीस आणि क्षणभर थांबलीस. त्या थांबण्यात जिनिव्हा होतं, हे मला कळलं. याच परराष्ट्र खात्यात चौतीस वर्षं काढली आहेत, पोस्टिंगची यादी लागली की कोण कशासाठी थांबतं ते ओळखू येतं. मग तू विचारलंस, "तिथे आता करण्यासारखं उरलंय तरी काय?" मी तोंड उघडणार तेवढ्यात अंगणात गाडी वाजली. संत्र्याच्या बागेचा सौदा करायला व्यापारी आले होते, म्हणून फोन घाईत ठेवावा लागला. आता हातानेच लिहितो. मोबाइलवर लिहिलं असतं तर तू अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळी झाली असतीस.

व्यापारी तिघं होते. एकाच्या हातात वही, दुसऱ्याच्या हातात टॉर्च. दिवस मावळला तरी ओळीओळीने फिरून त्यांनी झाडं पाहिली. यंदा आंबिया बहाराची फळगळ फार झाली आणि झाडाखालचा पिवळा सडा पाहून त्यांना बोलायला जागाच मिळाली. खाटेवर बसून पाणी प्यायले आणि वहीवाल्याने पहिलं वाक्य टाकलं, "बांग्लादेशाचं यंदाही काही खरं नाही, भाऊ." त्यानंतर भाव सांगितला. गेली काही वर्षं आपल्या अंगणातला प्रत्येक सौदा याच वाक्याने सुरू होतो. तू ज्या खुर्चीवर बसायला निघाली आहेस तिचा आणि आपल्या खाटेचा संबंध इतका थेट आहे.

ते गेल्यावर काका बराच वेळ तंबाखू मळत बसला. मग म्हणाला, "दादा, तू एवढे वर्सं त्या लोकायसंगं बसून चहा पेला. आन् आपला संत्रा त्यायच्या घरात नेता नाई आला तुले?" हसत म्हणाला, पण पुरता हसला नाही.

तुझा प्रश्न आणि त्याचा प्रश्न, दोन्ही एकाच दिवशी आले आणि मला वाटतं प्रश्न एकच आहे. त्याला तोंडावर नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून तुला लिहितोय.

आकडे तुला ठाऊक असतीलच. २०१९ च्या सुमारास बांग्लादेशात आपल्या संत्र्यावर सगळे कर मिळून किलोला २० टका (तिकडचं चलन) पडायचे. २०२३ च्या हंगामात ते ८८ टका झाले. किलोला ८८! इथे बागेत शेतकऱ्याच्या हातात जे पडतं त्याच्याहून तिकडच्या सरकारचा वाटा मोठा. त्या वर्षी वरुड-मोर्शीत माल रस्त्याच्या कडेला ओतलेला मी डोळ्यांनी पाहिला. मग नागपूरच्या अधिवेशनात गोंधळ झाला आणि राज्य सरकारने निर्यातीसाठी अनुदान जाहीर केलं. पण अनुदानाने कर उतरत नसतो.

काकाचं म्हणणं असं, की करार आहे ना? आहे. साफ्ता, म्हणजे सार्कच्या दक्षिण आशियाई देशांमधला मुक्त व्यापार करार, २००६ च्या १ जानेवारीपासून लागू आहे. मग? मग मी त्याला मंडीचं उदाहरण दिलं. समज, आपल्या मंडीने लिहून दिलं की बाहेरगावच्या मालाला गेटवर फी लागणार नाही. गाडी आत गेली. आत गेल्यावर जागेचं भाडं, झाडलोटीचे पैसे, पावतीचे पैसे, दिव्याचे पैसे. गेट मोफतच आहे, कराराचा भंग कुणी केलेला नाही. बांग्लादेशात सीमाशुल्कावर पूरक शुल्क बसतं, नियामक शुल्क बसतं, त्यावर मूल्यवर्धित कर, आगाऊ आयकर. करारातली कपात चालते ती मुख्यतः सीमाशुल्कावर. बाकीचे थर जिथल्या तिथे, आणि अर्थखात्याला एका आदेशाने वाढवता येतील असे. मे २०२२ मध्ये त्यांची परकीय गंगाजळी आटायला लागली तेव्हा फळं, फुलं, सौंदर्यप्रसाधनं असल्या शंभराहून जास्त वस्तूंवरचं नियामक शुल्क ३ टक्क्यांवरून थेट २० टक्क्यांवर नेलं. आपल्यावर राग म्हणून नव्हे. डॉलर वाचवायचे होते आणि फळ म्हणजे चैन, असा तिथल्या अर्थखात्याचा हिशोब.

काका म्हणाला, "मंग लिहून घेताना झोपले होते काय तुमी?"

झोपलो नव्हतो. जागे होतो, तीच अडचण होती. वाटाघाटीचा मसुदा कसा असतो तू आता पाहिला असशील. ज्या शब्दावर कुणाची हरकत, तो चौकटी कंसात. पहिल्या दिवशी पानभर कंस असतात, आणि शेवटच्या रात्री सगळ्यांना एकच ध्यास, कंस गेले पाहिजेत, सकाळी मंत्री सही करायला येणार आहेत. अशाच एका बैठकीत, कोणत्या ते सांगत नाही, निवृत्त झालो तरी काही गोष्टी पोटात ठेवायच्या असतात, "इतर शुल्कंही कमी करतील" असं वाक्य होतं. समोरच्या बाजूने "करतील" कंसात टाकलं. रात्री अडीच वाजता कॉफीच्या थंड कपांमध्ये बसून आम्ही त्याचं "करण्याचा प्रयत्न करतील" केलं. कंस गेला. सगळ्यांनी टेबलावर हात आपटून आनंद व्यक्त केला. मीही आपटला. झोपायला जाताना लिफ्टमध्ये आमचे वरिष्ठ एवढंच म्हणाले, "प्रयत्न या शब्दाला मुदत नसते." तेव्हा मला ते बोचरं वाटलं. आता बागेत बसून दर हंगामात आठवतं.

तेव्हा तुला पहिली गोष्ट सांगायची ती ही, की कराराचं पहिलं पान सगळे वाचतात, तू शेवटची पानं वाच. अपवादांची यादी, तळटीपा, आणि जिथे जिथे "प्रयत्न" आहे त्या जागा. माल तिथेच अडतो.

पण काकाला मी दुसरी बाजूही सांगितली आणि ती त्याला आवडली नाही. आपण काय करतो? सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्याकडे कांदा महागला आणि आपण एका दिवसात निर्यात बंद केली. तिकडच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या तेव्हा त्यांनी भर सभेत हिंदीत टोमणा मारला, की आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, मी माझ्या स्वयंपाक्याला कांदा घालू नको म्हणून सांगितलंय. सभागृह हसलं. आपल्या बाजूचे अधिकारीही हसले. काही उपाय असता तर हसले नसते. पुढच्या वर्षी सप्टेंबरात पुन्हा तेच. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा. त्यांच्या ज्यूटच्या मालावर २०१७ पासून आपलं अँटी-डंपिंग शुल्क आहे, म्हणजे फार स्वस्तात येणारा माल रोखायचं शुल्क. ढाक्यातला अधिकारी हे सगळं पाठ करून बसलेला असतो. तू संत्रा म्हणालीस की तो कांदा म्हणेल. त्यावर रागावू नकोस. त्याच्याही घरी कुणीतरी काका असतो.

तू ढाक्यात सहा ते नऊ वर्षांची होतीस. तुला काय आठवतं ठाऊक नाही. कोलकाता-ढाका बस जून १९९९ मध्ये सुरू झाली, त्यानंतर काही महिन्यांनी आपण पोहोचलो. आया तुला शाळेतून आणताना बंगालीत बडबड करायची आणि तू घरी येऊन आईला "भात खाबो" म्हणायचीस. एकदा फळवाल्याकडे तू ओरडलीस, "बाबा, कोमला!" तिकडे संत्र्याला कमला म्हणतात, उच्चार कोमला. आजीला पत्रात हे कळवलं तेव्हा कमलाबाईंना आपलं नाव परदेशात टोपलीत विकायला ठेवलंय याचं फार नवल वाटलं. पुढे कित्येक वर्षं कुणी संत्री सोलायला घेतली की ती म्हणायची, "सोला बाप्पा मले."

कमर्शियल विंगमध्ये माझं काम म्हणजे तक्रारी लिहून घेणं, असं मी आधी समजत होतो. आपला निर्यातदार यायचा, अमुक कागद अडला म्हणायचा, मी चिठ्ठी लिहायचो, ते चिठ्ठी वाचायचे, माल सुटायचा किंवा कुजायचा. सहा महिने असेच गेले. मग जुन्या ढाक्यातल्या एका फळव्यापाऱ्याने मला पहाटे बादामतलीला बोलावलं. बुडीगंगेच्या काठावर घाऊक फळबाजार आहे. जा तिथे, पण पाचच्या आत जा. चिखल, बर्फाचं पाणी, डोक्यावर क्रेट घेऊन पळणारी पोरं, कुणाचा धक्का लागेल सांगता येत नाही. एका गाळ्यापुढे लाकडी पेट्या रचल्या होत्या आणि पेटीवर काळ्या शाईने छापलेलं मराठी आडनाव. वरुडच्या बाजारात ज्याच्या अडतीवर आजोबा माल घालायचे त्याचाच छाप. मी बोट लावून पाहिलं. शाई ओली नव्हती, एवढंच पाहायचं होतं की काय कोण जाणे. व्यापाऱ्याने वरची पेटी फोडली, पहिला थर चकचकीत. दुसऱ्या थराखाली हात घातला आणि बोटं ओली करून वर काढली. "साहेब," तो बंगालीत म्हणाला, "हा थर तुमच्या बाजूचा. आणि हा थर सीमेवरचा." वरची फळं बागेतून निघाली तशीच होती. खालची नऊ दिवस गाडीत उकडली होती.

नऊ दिवसांपैकी रस्ता चार दिवसांचा. बाकीचे पाच कुठे गेले हे पाहायला मी आपल्या सीमेवरच्या पेट्रापोल नाक्यावर गेलो. बादामतलीचा तो ओला हात नसता तर गेलो नसतो.

जेसोर रोडवर दोन्ही बाजूंनी शिरीषाची प्रचंड जुनी झाडं आहेत, त्यांच्या सावलीत ट्रक उभे. बनगावपासूनच रांग. ड्रायव्हर स्टोव्हवर भात शिजवत होते, एकाने दोन टायरांच्या मध्ये दोरी बांधून लुंगी वाळत घातली होती. नागपूर पासिंगचा एक ट्रक दिसला म्हणून थांबलो आणि सहज वऱ्हाडीत विचारलं, "किती रोज झाले बाप्पा?" तो बिचारा ताडकन उठला. मोर्शीकडचा निघाला. त्याला वाटलं मी कुणी दलाल. भारतीय वकिलातीतला आहे म्हटल्यावर त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "मंग तुमीच उभे राहा न इथं दोन रोज." रागावून नाही, साधेपणाने. मग ताडपत्री उचलून एक संत्रं काढून हातावर ठेवलं. बुडाशी मऊ पडलं होतं, अंगठा आत जात होता.

मी तिथे दोन रोज राहिलो नाही, पण एक रात्र राहिलो. आणि कळलं ते असं. गाडी अडायला मोठी कारणं लागत नाहीत. आपला ट्रक पलीकडे ढाक्यापर्यंत जात नाही, सीमेपलीकडच्या बेनापोल नाक्याच्या आवारात माल उतरतो आणि त्यांच्या ट्रकात चढतो. उतरवायला जागा नसली की इकडची रांग थांबते. मूळदेशाच्या दाखल्यावर नावाचं एक अक्षर आणि बिलावर दुसरं, झाला एक दिवस. त्यांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी, आपली रविवारी, आठवड्यातून दोन दिवस असेच अर्धे. नमुना तपासायला प्रयोगशाळा जवळ नाही. यातल्या एकाही गोष्टीसाठी शिखर परिषद लागत नाही. पण शिखर परिषद झाली नाही तर या गोष्टी कुणी हातातही घेत नाही, हीसुद्धा गंमतच.

परत येऊन मी पानभर टिपण केलं, दिवसांची मोजणी करून. ते फायलीत वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. पेट्रापोलला एकात्मिक तपासणी नाका उघडला तो २०१६ मध्ये, मी निवृत्तीला आलो तेव्हा. माझ्या टिपणामुळे उघडला असं मी म्हणणार नाही. अशी पन्नास टिपणं पन्नास जणांनी केली असतील. आपल्या कामात श्रेय शोधायला गेलीस तर हाती काही लागत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

सार्कबद्दल तू मागे चेष्टेने म्हणाली होतीस की बाबांची ती "चहा-बिस्किटं कंपनी". काठमांडूच्या सचिवालयात मी तीन वर्षं डायरेक्टर म्हणून काढली आणि तुझं म्हणणं सगळं खोटं आहे असं मला सांगता येणार नाही. १९८० मध्ये बांग्लादेशचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष झियाउर रहमान यांनी कल्पना मांडली, ती आकाराला यायच्या आत त्यांचा खून झाला, आणि ८ डिसेंबर १९८५ ला ढाक्यातच संस्था उभी राहिली. सनदेतच लिहून ठेवलं की निर्णय एकमताने होतील आणि दोन देशांमधले वादाचे विषय काढायचे नाहीत. म्हणजे सासू-सुनेच्या घरात बैठक, आणि स्वयंपाकघराचं नाव काढायचं नाही. त्यामुळे खरं बोलणं व्हायचं ते व्हरांड्यात, चहाच्या वेळी. बिस्किटांना म्हणूनच नावं ठेवू नकोस. नोव्हेंबर २०१४ च्या काठमांडूनंतर शिखर परिषद झालेली नाही, त्यामुळे आता तो व्हरांडाही नाही. या आठ देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम ५ टक्के. आग्नेय आशियातल्या आसियानच्या देशांत तो २० टक्क्यांच्या वर आहे. शेजारच्या घरून विरजण आणायचं सोडून आपण शहरातून आणतो.

बिमस्टेकचं, म्हणजे बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या संघटनेचं, सचिवालय तुझ्या ढाक्यातच आहे, २०१४ पासून. मुक्त व्यापाराचा आराखडा २००४ मध्ये सही झाला आणि करार अजून व्हायचाय. तिथे जाऊन चहा पिऊन ये. नवीन पोरं चांगली असतात आणि त्यांना कुणी भेटायला येत नाही.

आता कापसाचं. गेल्या दिवाळीत काकाच्या सुमितने अमरावतीहून शर्ट आणला, कॉलरच्या आत लेबल बांग्लादेशचं. काका चिडला, कापूस आमचा आणि शिवून त्यायनं पाठवायचा? मी गप्प बसलो, कारण त्या लेबलात माझा थोडा हात आहे. सप्टेंबर २०११ मध्ये मनमोहन सिंग ढाक्याला गेले त्या दौऱ्याच्या तयारीत मी होतो. सगळ्यांचं लक्ष तिस्ता नदीच्या पाणीवाटपावर होतं. ममता बॅनर्जींनी ऐन वेळी यायचं नाकारलं, तिस्ता बारगळली, वर्तमानपत्रांनी दौरा अपयशी ठरवला. पण त्याच दौऱ्यात कपड्यांच्या ४६ वस्तूंवरचं शुल्क आपण काढलं, आणि नोव्हेंबरात साफ्ताच्या अतिअविकसित देशांसाठीची आपली अपवादांची, म्हणजे सवलत न मिळणाऱ्या वस्तूंची, यादी ४८० वरून २५ वर आणली. उरले मुख्यतः दारू आणि तंबाखू. आपल्या गिरणीवाल्यांनी मला फोनवर जे ऐकवलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो, ते बरोबर होतं. बांग्लादेशात कापूस जवळजवळ पिकत नाही. त्यांच्या कारखान्यांना रुई आणि सूत लागतं आणि त्यातलं बरंच आपल्याकडून जातं. त्यांचा शर्ट विकला गेला तर आपल्या जिनिंगचा पट्टा फिरतो. १८५३ मध्ये इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड घेतलं तेव्हा डोळा याच कापसावर होता, आणि तुझ्या आजोळच्या मुर्तिजापूरला शकुंतला गाडी गाठोडी भरून यायची ती मँचेस्टरच्या वाटेला लागायची. कापूस बाहेर जातो आणि कापड होऊन परत येतो हे वऱ्हाडाला नवीन नाही. फरक एवढाच की मँचेस्टरशी आपण बोलू शकत नव्हतो. ढाक्याशी बोलू शकतो. निदान बोलता यायला हवं.

यंदा तेही अवघड झालंय. एप्रिलमध्ये त्यांनी खुष्कीच्या मार्गाने आपलं सूत घेणं बंद केलं. त्याच्या आठवडाभर आधी आपण त्यांची ट्रान्सशिपमेंटची, म्हणजे आपल्या वाटेने तिसऱ्या देशात माल पाठवायची, सोय काढून घेतली होती. १७ मेला आपण ठरवलं की त्यांचे तयार कपडे जमिनीवरच्या नाक्यांनी येणार नाहीत, फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदरातून. दोघांनी आपापल्या दाराला आपापलं कुलूप लावलं आणि किल्ली दुसऱ्याकडे आहे म्हणून सांगतात. इकडे आपल्याच सरकारने परदेशी कापसावरचं ११ टक्के शुल्क डिसेंबर २०२५ अखेरपर्यंत माफ केलंय, तेव्हा गावात सध्या कापसाचा विषय काढायची सोय नाही. मी पारावर बसतो तेव्हा लोक मला बर्माच्या तुरीबद्दलही विचारतात. म्यानमारकडून दरवर्षी १ लाख टन तूर घ्यायचं २०२१ मध्ये ठरलं, मोझांबिकशी त्याच्या पाच वर्षं आधी. मी त्या कागदांजवळही नव्हतो, पण गावाच्या हिशोबी परराष्ट्र खातं म्हणजे मी. "तुमच्या लोकायनं तूर आणली," म्हणतात. शहरातल्या वरणाला स्वस्त डाळ लागते आणि ती पिकवणाऱ्याला भाव लागतो. या दोघांमध्ये बसून लिहिलेला कागद कुणालाच पूर्ण पटत नाही. यावर माझ्याकडे तोडगा नाही. तुझ्याकडे असला तर पारावर येऊन सांग.

तू विचारलंस काय उरलंय, तर तारीख लिहून ठेव, २४ नोव्हेंबर २०२६. त्या दिवशी बांग्लादेश अतिअविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडायचा आहे. ज्या सवलतीसाठी २०११ मध्ये आम्ही शिव्या खाल्ल्या ती त्याच नात्याने दिलेली होती. यादीतून नाव गेलं की तिचा आधार जातो. त्यांच्या शर्टांवर पुन्हा शुल्क बसू शकतं, म्हणजे त्यांना आपल्याशी बसून काहीतरी नवीन ठरवावंच लागेल. दोन्ही देशांमधल्या सर्वंकष आर्थिक कराराचा एकत्र अभ्यास २०२२ मध्येच होऊन पडलाय. सई, मला चौतीस वर्षांत अशी वेळ एकदाच मिळाली होती, जेव्हा समोरच्याला आपली तितकीच गरज असते. जिनिव्हात, जागतिक व्यापार संघटनेत, तू एकशे साठ-पासष्ट देशांमध्ये मागच्या रांगेत बसली असतीस. इथे टेबलाला दोनच बाजू आहेत. त्या वेळी शर्टांच्या बदल्यात काय मागायचं याची यादी दिल्लीत तयार होईल, औषधं, गाड्या, यंत्रं. त्यात फळ घालायला कुणाला सुचणार नाही, कारण त्या यादीच्या खोलीत वरुडचा कुणी नसतो. आणि घातलंच तर नुसतं सीमाशुल्क लिहू देऊ नकोस. वरचे सगळे थर एकेक नाव घेऊन लिही. आणि "प्रयत्न" आला तर पहाटेचे तीन वाजले तरी उठू नकोस.

आईचं म्हणणं आहे की मी तुला पत्र लिहितोय की टिपण. तिने चार देशांत चार स्वयंपाकघरं मांडली, तिला बोलायचा अधिकार आहे. ती म्हणते मच्छरदाणी घेऊन जा, ढाक्याच्या गुलशनसारख्या उच्चभ्रू वस्तीत असलीस तरी. डेंग्यू पत्ता विचारून येत नाही. हळद, तिखट आणि सांडग्यांचा डबा ती सुमितबरोबर दिल्लीला पाठवतेय. संत्री मी पाठवणार होतो पण हातातल्या सामानात फळं नेऊन पहिल्याच दिवशी तिकडच्या विमानतळावर अडू नकोस.

सौदा अजून झालेला नाही. काका अडून बसलाय, म्हणतो दोन आठवडे थांबू. मला वाटतं द्यायला हवी, झाडावर फळ टिकायचं नाही. तू पोहोचलीस की पहिल्या आठवड्यात एक दिवस पहाटे बादामतलीला जा. भाव विचारताना साहेबासारखं विचारू नकोस, तुझं जुनं बंगाली निघतं का पाहा. कमला किलोला काय भाव ते कळव, घाऊकही आणि हातगाडीवरचाही. टक्यातच कळव, रुपये काका इथे करून घेईल.

तुझा,
बाबा